संत्र्याच्या सालीतून हेस्पेरिडिन: सॉक्सलेट, अल्ट्रासाउंड की मायक्रोवेव्ह?

मृगबहार:
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एम.फार्म. करतेय, शेवटचं वर्ष. विषय मिळालाय तो असा: नागपुरी संत्र्याच्या सालीतून हेस्पेरिडिन (सालीतलं एक औषधी फ्लॅवोनॉइड संयुग) काढण्याच्या पद्धतींची तुलना. सॉक्सलेट (उकळलेलं द्रावक थंड करून भुकटीवर पुन्हा पुन्हा पाडणारं काचेचं उपकरण), अल्ट्रासाउंड बाथ (ध्वनिलहरी सोडणारं पाण्याचं भांडं) आणि मायक्रोवेव्ह. काटोलकडे आमची बाग आहे, त्यामुळे सालीची चिंता नाही.

गोंधळ पेपर वाचून झालाय. एकात अल्ट्रासाउंड सगळ्यांत सरस, दुसऱ्यात मायक्रोवेव्हनं काही मिनिटांत सॉक्सलेटला मागे टाकलेलं, तिसऱ्यात सॉक्सलेटच पुढे आणि बाकी दोन्ही त्याच्या जवळपासही नाहीत. संयुग तेच, साल जवळपास तीच, मग निकाल असे उलटसुलट का? गाईड म्हणतात, तू करून बघ आणि येईल ते लिही. पण त्या ढिगात अजून एक उलटा पेपर टाकून काय साधणार?

बर्डीवाला:
ताई, पयले हे सांगा, प्रयोग कोनत्या महिन्यात करून राहिल्या? मे मधी सॉक्सलेट लावसान तं नळाचं पानीच कोमट येते. पेट्रोलियम ईथर, डायक्लोरोमिथेन असे ४० अंशाच्या आसपास उकळनारे द्रावक कंडेन्सरमधून सरळ छताकडे निंगून जातेत. दुपारी पाहाल तं फ्लास्क अर्धा. अन् मंग पेपरात लिवतेत का सॉक्सलेटचं यील्ड कमी आलं. आमच्या लॅबमधी कूलरचा पंप बर्फाच्या बादलीत टाकतो अन् तेच पानी फिरवतो. नागपुरात कूलरचा पंप कोनाकडं नाही?

मृगबहार:
@बर्डीवाला, जानेवारीत सुरू करतेय, पण लांबलं तर मे येणारच. 😄 पंपाचं लिहून ठेवलं.

एचपीएलसीवाला:
प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा लांब लिहितो. माझा पोटापाण्याचा धंदा अर्कांच्या तपासणीचा, तेव्हा यंत्रांपेक्षा आकड्यांकडे आधी बघायची सवय.

तुम्ही वाचलेले पेपर बहुतेक एकाच गोष्टीची तुलना करतच नाहीत. सॉक्सलेटमध्ये दर सायफनला (भरलेलं द्रावक आपोआप खाली उतरतं ती फेरी) थिंबलमधल्या, म्हणजे कागदी नळकांड्यातल्या, भुकटीवर ताजं द्रावक पडतं. म्हणजे ती पद्धत स्वभावतःच शेवटच्या थेंबापर्यंत काढणारी. अल्ट्रासाउंड बाथमध्ये तुम्ही एकदाच द्रावक ओतता, अर्धा तास ठेवता, गाळता. तिथे भुकटी आणि द्रावक यांच्यात समतोल आला की पुढे काही निघत नाही, आवाज दिवसभर चालू ठेवला तरी. साबणाचं लुगडं एका बादलीत तासभर बुचकळणं आणि तीनदा स्वच्छ पाण्यातून पिळणं, यांतला फरक आहे हा. मग एक जण एकदाच काढलेल्या अल्ट्रासाउंडची तुलना सॉक्सलेटशी करतो आणि सॉक्सलेट जिंकतं. दुसरा अल्ट्रासाउंड तीनदा करून अर्क एकत्र करतो आणि सॉक्सलेट दोन तासांत थांबवतो. तिथे अल्ट्रासाउंड जिंकतं. दोघंही खरं बोलतात.

दुसरी गंमत द्रावकाची. सगळ्या पद्धतींना ‘७० टक्के इथेनॉल’ वापरलं असं लिहिलेलं असतं. सॉक्सलेटमध्ये फ्लास्कात ७० टक्के असेल, पण भुकटीवर पडतं ते वाफेतून थंड झालेलं. इथेनॉल पाण्याआधी उडतं, त्यामुळे थिंबलमध्ये पोचणारं द्रावक फ्लास्कातल्यापेक्षा बरंच जास्त इथेनॉलवालं असतं. बाथमध्ये मात्र खरंच ७० टक्के. ही तुलना पद्धतींची झाली की द्रावकांची?

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी भानगड: मोजलं काय? अर्क वाळवून वजन केलं आणि ‘यील्ड’ म्हटलं तर त्यात साखर, पेक्टिन, मेण, सगळं आलं. संत्र्याच्या सालीत साखर भरपूर, आणि पाणी जास्त असलेलं द्रावक ती ओढून घेतं. वजन वाढतं, हेस्पेरिडिन नाही. फोलिन-सिओकाल्टो (रंगावरून फिनॉलिक मोजणारी चाचणी) करून ‘एकूण फिनॉलिक’ लिहिणाऱ्यांची तर गोष्टच सोडा. ते अभिकर्मक व्हिटॅमिन सी आणि क्षपणकारी साखरांनाही रंग देतं. लिंबूवर्गीय फळाच्या सालीवर ७६५ नॅनोमीटरला आलेला आकडा घेऊन ‘आमची पद्धत श्रेष्ठ’ म्हणणं मला तरी पटत नाही. हेस्पेरिडिन हवं तर एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) हेस्पेरिडिनच मोजा, २८४ नॅनोमीटरच्या आसपास, प्रमाणित नमुन्यासोबत.

शंकासुर:
+१. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट चाचणी) राहिलं की. ५१७ ला जांभळा रंग उतरला की ‘कर्करोगावर आशेचा किरण’.

एचपीएलसीवाला:
@शंकासुर, तो वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

महालातली वैद्य:
आमच्याकडे या तुलनेला फार जुनी परंपरा आहे, ती कोणी लक्षात घेत नाही म्हणून लिहिते. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट या पाच कषायकल्पना म्हणजे काढण्याच्या पाच पद्धतीच. क्वाथात द्रव्य मऊ असेल तर चौपट पाणी, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट, आणि आटवून चौथा हिस्सा ठेवायचा. म्हणजे साल, मूळ, पान यांच्या कठीणपणाप्रमाणे द्रावकाचं प्रमाण बदलायचं हे तेव्हाच ठरलेलं. सुगंधी किंवा उष्णतेनं बिघडणारं द्रव्य असेल तर उकळायचं नाही, हिम करायचा: सहापट थंड पाण्यात रात्रभर. नाहीतर फांट, म्हणजे गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. तुमच्या तुलनेत साधा क्वाथही घ्या, पाणी तर फुकट आहे.

एचपीएलसीवाला:
@महालातली वैद्य, पद्धत द्रव्यागणिक बदलते हा मुद्दा एकदम मान्य. फक्त हेस्पेरिडिनला पाणी चालणार नाही, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. आणि उकळणं किती महाग पडू शकतं याचं उदाहरण मलेरियावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचं. चीनमध्ये १९७० च्या सुमाराला शास्त्रज्ञ तू यूयू (Tu Youyou) यांच्या गटाला ते ज्या वनस्पतीत असतं तिच्या अर्कातून मलेरियावर कधी परिणाम दिसे, कधी नाही. उष्णतेनं संयुग मरतंय या शंकेनं त्यांनी ३५ अंशांखालीच उकळणारं ईथर घेतलं आणि १९७१ च्या ऑक्टोबरमधला १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर पूर्ण लागू पडला. २०१५ चं नोबेल. वनस्पती तीच होती, बदललं ते द्रावक आणि तापमान.

महालातली वैद्य:
अहो, पण ती शंका त्यांना आली कुठून? चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथातून. तिथे लिहिलंय की मूठभर वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस काढून प्यावा. उकळावी असं नाही. हा आमच्या हिम आणि स्वरस यांच्यामधलाच प्रकार झाला. जुनं नीट वाचलं म्हणून नवं सापडलं.

एचपीएलसीवाला:
हे मान्य. 🙏

मृगबहार:
दोघांचेही आभार. @एचपीएलसीवाला, मोजणी एचपीएलसीवरच करणार आहे, कॉलेजात आहे. पण मायक्रोवेव्ह आमच्याकडे घरगुतीच आहे, लॅबवाला नाही. सीनियर्सनी तोच वापरलाय, १० सेकंद चालू, थोडं थांबायचं, पुन्हा १० सेकंद असं करत. चालेल का?

बुटीबोरी_प्लांट:
नाही. पुढचं वाचायच्या आधी हे वाच: घरगुती मायक्रोवेव्हमध्ये इथेनॉल किंवा मिथेनॉल ठेवू नकोस. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीनं पेट घेते तो) १३ अंशांच्या आसपास. नागपूरच्या लॅबमध्ये तेवढी थंडी कुठल्या महिन्यात असते सांग! आतला दिवा, पंखा, स्विच यांतलं काहीही ज्वलनशील वाफेसाठी बनवलेलं नसतं. ठिणगी पडायला एक सेकंद पुरतो. सीनियर्सचं काही झालं नाही याचा अर्थ त्यांचं नशीब चांगलं होतं, इतकाच. मायक्रोवेव्ह करायचाच तर ज्यांच्याकडे दाब आणि तापमान मोजणारं बंद भांड्याचं यंत्र आहे तिथे नमुने घेऊन जा. नाहीतर फक्त पाण्यावर कर, आणि पाणी तुझ्या संयुगाला चालत नाही हे वर आलंच आहे. गाईडना हे स्पष्ट सांग.

बाकी मायक्रोवेव्हचं तत्त्व छान आहे. ती ऊर्जा पेशीतल्या पाण्याला तापवते, आत दाब वाढतो, पेशी फुटते. म्हणून ओल्या सालीवर तो जास्त खुलतो. हेक्झेनसारखं अध्रुवीय द्रावक त्यात जवळपास तापतच नाही.

अमरावतीरोड:
उशिरा आलो. नागपूरच्या एलआयटीतून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तेल तंत्रज्ञान शिकून आयुष्य याच धंद्यात काढलं, आता निवृत्त. बेटा, तुझ्या यादीत ज्या पद्धतीनं कारखान्यात हेस्पेरिडिन निघतं तीच नाही याचं आश्चर्य वाटलं. चुना!

हेस्पेरिडिन पाण्यात विरघळत नाही, पण अल्कलीत त्याचं एक वलय उघडतं, पिवळा कॅल्कोन होतो आणि तो विरघळतो. आम्ल घातलं की वलय पुन्हा मिटतं आणि ते खाली बसतं. सगळी युक्ती एवढीच. बारीक केलेली साल पाण्यात घ्यायची, चुना घालून पीएच ११ ते ११.५ करायचा, ढवळायचं, गाळायचं. स्वच्छ गाळलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू घालून पीएच ४ ते ४.५ वर आणायचा, जरा गरम करायचं आणि ठेवून द्यायचं. फिकट पिवळसर साका खाली बसतो.

कॉस्टिक सोडा का नको? त्यात सालीतलं पेक्टिन सुटतं आणि सगळा चिकट लगदा होतो, गाळताना जीव जातो. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं, पाणी सरळ खाली येतं. मात्र अल्कलीत ते तापवू नकोस आणि विसरून घरी जाऊ नकोस. रेणू तुटायला लागतो.

दुसरं म्हणजे सालीतलं तेल. त्यातला मुख्य घटक लिमोनीन (limonene). स्वतः १७६ अंशांना उकळतो, पण वाफेबरोबर १०० च्या आतच बाहेर येतो. ते आधी काढून घे, क्लेव्हेंजरवर (वाफेनं तेल काढायचं काचेचं उपकरण) किंवा सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम ईथरनं, आणि मग मिथेनॉल. प्रयोगशाळेतली जुनी रीत हीच: आधी पेट्रोलियम ईथर, मग मिथेनॉल, आटवून ६ टक्के ॲसेटिक आम्लातून स्फटिक. तेल आत राहिलं तर स्फटिकाऐवजी चिकट डाग मिळतो.

मृगबहार:
काका, हे वाचून अक्षरशः उठून बसले. चुन्याची पद्धत पेपरांत ओझरती दिसली होती, ‘पारंपरिक’ म्हणून एका वाक्यात उडवलेली. घ्यायलाच हवी. पण गाईडना ‘ग्रीन टेक्नॉलॉजी’ हवीय, चुना म्हटलं की नाक मुरडतील.

अमरावतीरोड:
द्रावक नाही, दाब नाही, उरलेली साल चुन्यासकट गुरांच्या खाद्याकडे किंवा खताकडे जाऊ शकते. याहून हिरवं काय हवं त्यांना? सॉक्सलेटला सहा-आठ तास हीटर आणि नळ चालू असतो, तो हिरवा का?

शंकासुर:
सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडबद्दल कोणी बोललंच नाही. सध्या फॅशनमध्ये तेच आहे ना?

बुटीबोरी_प्लांट:
३१ अंश आणि ७४ बार यांच्या वर कार्बन डायऑक्साइड वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो, दाब सोडला की उडून जातो, मागे द्रावकाचा अंश राहत नाही. कॉफीतलं कॅफीन असंच काढतात. पण तो मुळात अध्रुवीय. सालीतलं तेल छान काढेल, हेस्पेरिडिनला दोन साखरा चिकटलेल्या, त्याला हात लावणार नाही. थोडं इथेनॉल जोडीला दिलं तरी फार नाही. आणि यंत्राची किंमत ऐकून आमच्या मालकांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

प्लांटमध्ये पद्धत ठरते ती यील्डवर नाही. किलोमागे द्रावक किती लागतं, त्यातलं परत किती मिळतं, गाळायला किती वेळ, आणि मालात अंश किती उरतो. औषधात मिथेनॉलची मर्यादा ३००० पीपीएम, हेक्झेनची २९०, इथेनॉल आणि ॲसिटोनची ५०००. लॅबमध्ये दोन टक्के जास्त देणारं मिथेनॉल इथे वाळवण्याच्या खर्चात हरतं. शिवाय इथेनॉल म्हटलं की राज्य उत्पादन शुल्काचा परवाना आणि रजिस्टर.

सावनेरचा_शेतकरी:
दोन दिवसांपासून वाचतोय, समजेल तेवढं समजतंय. एक प्रश्न. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर फळगळ होते, हिरवी फळं झाडाखाली पडून सडतात. त्यातून हे निघतं का? आणि निघालं तर घेतं कोण?

अमरावतीरोड:
भाऊ, लाख मोलाचा प्रश्न. निघतं, आणि पिकलेल्या फळापेक्षा वजनाच्या हिशेबानं जास्त. हेस्पेरिडिन फळ लहान असतानाच भरतं, पुढे फळ फुगतं तसं त्याचं प्रमाण पातळ होत जातं. त्यामुळे पिकल्या सालीमागे धावण्यापेक्षा ही गळ गोळा करणं शहाणपणाचं. नाहीतरी आपलं संत्रं लोक घरी सोलून खातात. साल लाखो घरांच्या कचऱ्यात जाते, एका ठिकाणी मिळतच नाही.

बुटीबोरी_प्लांट:
घेणारेही आहेत. मूळव्याधीच्या आणि शिरांच्या गोळ्यांत डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम असं जोडीनं असतं, आणि ते डायोस्मिनही हेस्पेरिडिनपासूनच बनवतात. मागणी खरी आहे. अडचण वाळवण्याची. गळ होते ती ऐन पावसाळ्यात. ओलं फळ दोन दिवसांत बुरशी धरतं, उन्हाचा पत्ता नसतो. गावात चकत्या करून वाळवायचं यंत्र असेल आणि दहा-वीस शेतकरी मिळून माल जमवत असतील तरच गाडी भाडं निघेल. एकट्यानं पोतं घेऊन येऊ नका, निराश व्हाल. आणखी एक, फवारणी कधी आणि कशाची केली ते लिहून ठेवा. कीटकनाशक सालीवरच बसतं आणि तेल काढलं की त्यात एकवटतं. खरेदीदार पहिला प्रश्न तोच विचारतो.

सावनेरचा_शेतकरी:
समजलं. आमच्या गटात बोलतो. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, तिथेही विचारून येतो.

मृगबहार:
बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला, ते म्हणाले आमच्या झाडाखालची मोज आधी. तर हिरवी गळ हा दुसरा नमुना म्हणून घेतेय.

आता आराखडा असा: मायक्रोवेव्ह बाद. सॉक्सलेट मिथेनॉलनं, अल्ट्रासाउंड मिथेनॉलनं (तीनदा, अर्क एकत्र), आणि चुना. एकाच दिवशी वाळवलेली, एकाच चाळणीतून काढलेली भुकटी, आकडे कोरड्या वजनावर. काय राहिलं?

एचपीएलसीवाला:
‘मुका’ बाथ राहिला. अल्ट्रासाउंड बाथ चालू असताना पाणी तापत जातं. अर्ध्या तासानं जो फायदा दिसतो तो आवाजाचा की उष्णतेचा, हे कळायला तेवढ्याच तापमानाच्या साध्या वॉटर बाथमध्ये तीच भुकटी, तेच द्रावक, तितकाच वेळ ठेव. हा एक नमुना बहुतेक पेपरांत नसतो आणि म्हणूनच त्यांचा निष्कर्ष हवेत राहतो. शिवाय बाथमध्ये सगळीकडे सारखी तीव्रता नसते. ॲल्युमिनियमच्या फॉइलची पट्टी पाण्यात धरून बघ, जिथे पोकळीकरण (ध्वनीनं बुडबुडे तयार होऊन फुटणं) जोरात तिथे तिला भोकं पडतात. फ्लास्क दर वेळी त्याच जागी ठेव.

आणि द्रावक पुरेसं घे. थंड मिथेनॉलमध्येही हेस्पेरिडिन जेमतेम विरघळतं. भुकटीच्या दहापटच घेतलंस तर द्रावक संपृक्त होऊन बसेल आणि तू पद्धतींच्या नावाखाली विद्राव्यता मोजत राहशील. प्रमाण वाढवून बघ. आकडा वाढला तर आधीचं कमी होतं.

मृगबहार:
मुका बाथ थिसिसमध्ये चौथी पद्धत म्हणून दाखवायचा का? व्हायव्हात विचारतील.

एचपीएलसीवाला:
पद्धत नाही, नियंत्रण म्हणून दाखव. आणि विचारू देत की, तोच तुझ्या थिसिसमधला सगळ्यांत चांगला प्रश्न असेल.

बर्डीवाला:
थिंबल नवीन असन तं आधी कोऱ्या द्रावकात चालवून घ्या. कागदातून बी काहीबाही निंगते, मंग ब्लँकमधी, म्हंजे नमुना नसलेल्या तपासनीत, आलेखावर उंचवटा (पीक) दिसते अन् मानूस रात्रभर एचपीएलसीचा कॉलम धूत बसते.

मृगबहार:
शेवटचं: सॉक्सलेटचा अर्क थंड झाल्यावर तळाशी पांढरट गाळ दिसतो असं सीनियर म्हणाली. ती तो गाळून टाकते आणि वरचं द्रव एचपीएलसीला देते.

अमरावतीरोड:
अरे देवा. तो गाळच तर तुझा माल आहे!

एचपीएलसीवाला:
काका बरोबर. मिथेनॉल गरम असताना जे विरघळलं ते थंड होताना स्फटिक होऊन बसतं. गाळायचं तर गरम असतानाच गाळ. बसलाच साका तर डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून मग ठरावीक आकारमानाला आण. प्रमाणित नमुनाही त्यातच बनव, नुसत्या मिथेनॉलमध्ये तो नीट विरघळणार नाही. चुन्याच्या पद्धतीचा साका वाळवून, तोलून, तसाच विरघळव, म्हणजे तिन्हींचे आकडे एकाच रेषेवर वाचता येतील. आणि आधी मोजून झालेल्या भुकटीत ठरावीक वजनाचं हेस्पेरिडिन वरून मिसळून ते किती परत मिळतं तेही बघ, प्रत्येक पद्धतीसाठी वेगळं.